देवाच्या दरबारातील कवी

महाराष्ट्रातील मराठी भाषक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये रविवारची उपासना सुरू होते, तेव्हा लोकांच्या हाती 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक असते. त्यातील दोनशेहून अधिक गीते एकाच कवीची आहेत. लग्न असो वा अंत्यविधी, नाताळ असो वा उत्तम शुक्रवार, या कवीच्या शब्दांवाचून मराठी ख्रिस्ती घरातील कोणताही प्रसंग पुरा होत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या इतर वाचकांना मात्र हाच कवी निराळ्या नात्याने ठाऊक आहे. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या, पिलांच्या ओढीने घरट्याकडे परतणाऱ्या पक्षिणीची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केली. तिचा कर्ता म्हणजे 'फुलांमुलांचे कवी' रेव्हरंड नारायण वामन टिळक.

या दोन ओळखींच्या मध्ये एक विलक्षण आयुष्य उभे आहे. कोकणस्थ ब्राह्मण कुळात जन्मलेल्या, संस्कृत पाठशाळेत घडलेल्या या माणसाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी असे पाऊल टाकणे म्हणजे घर, गोत आणि गाव यांच्याशी असलेले सारे धागे एका दिवसात तुटणे. टिळकांचे पुढचे चोवीस वर्षांचे आयुष्य हे त्या तुटलेल्या धाग्यांना पुन्हा गाठी मारण्याचे आयुष्य आहे. देवाशी असलेले नाते एकट्याने जपता येत नाही, त्याला माणसांची सोबत लागते, आणि ती सोबत आपल्याच भाषेत, आपल्याच सुरात मिळाली पाहिजे, ही त्यांची धारणा होती. त्या धारणेची किंमत त्यांनी मोजली. त्यांच्या पत्नीने तर ती अधिकच मोजली.

कोकणातून नाशिकला

नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे, तर आई जानकीबाई भाविक, हळव्या मनाच्या आणि कवितेची आवड असलेल्या. संतांच्या अभंगांचा कान नारायणाला मिळाला तो या आईकडून. तो अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि घराशी असलेला त्याचा जिव्हाळ्याचा धागाच तुटला. मुलगा घर सोडून निघाला आणि नाशिकला पोहोचला. गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा गुरू तिथे लाभल्याने त्याचे संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन झाले. काही काळ इंग्रजी शाळेतही तो शिकला. पण नियमित शिक्षणाची चौकट त्याला फार काळ मानवली नाही.

सन 1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. वधू अवघी अकरा-बारा वर्षांची होती. तिच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे अक्षरश: वेड होते आणि त्या वेडाच्या धाकातच तिचे बालपण गेले होते. पती मिळाला तो याच्या अगदी उलट. एका जागी न टिकणारा, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, कधी कीर्तनात तर कधी कवितेत हरवणारा. मुरबाड, वणी, नागपूर अशी बिऱ्हाडे बदलत हा संसार फिरत राहिला. टिळक न सांगता निघून जात, पुन्हा अवचित उगवत. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाई कधी माहेरी, कधी नातलगांकडे दिवस काढीत. लहानग्या अपत्यांचे मृत्यूही या दांपत्याला सोसावे लागले.

नागपूरच्या मुक्कामात आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले, 'ऋषी' नावाचे मासिक चालविले. वैदिक वाङ्मयाचा व्यासंग चालू असतानाच त्यांच्या मनात जातिभेदाविषयी तीव्र असमाधान साठू लागले होते. ईश्वर एक आणि सारी माणसे त्याची लेकरे असतील, तर माणसामाणसांत ही भिंत कशासाठी, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीना. सर्वांना एकत्र आणणारा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, अशी कल्पना त्यांनी केली आणि त्याची तत्त्वेही मनाशी जुळविली.

आगगाडीतील भेट

सन 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका विदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली. गप्पा सुरू झाल्या त्या कवितेवरून आणि पोहोचल्या धर्मापर्यंत. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती नेमाने वाचण्याचे वचन घेतले. टिळकांना त्या पुस्तकाविषयी विशेष ओढ नव्हती. दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचन सुरू केले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि थबकले. शत्रूवर प्रीती करण्याची, सूर्य आणि पाऊस सज्जन-दुर्जनांवर सारखाच पाठविणाऱ्या पित्याची ती शिकवण वाचताना, आपण ज्या धर्माची तत्त्वे जुळवीत होतो तो इथे कुणीतरी आधीच जगून दाखविला आहे, असे त्यांना वाटले.

पुढची दोन वर्षे त्यांच्या मनात मोठी घालमेल चालू होती. मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद करून महाराष्ट्रातील भक्तिपरंपरा ज्यांनी पुढे जगापुढे नेली, तेच हे अॅबट. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, तर भारतीय पाळकाच्या हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. नव्या श्रद्धेच्या उंबरठ्यावरच त्यांनी जणू सांगून टाकले होते, की आपण देव बदलला असला तरी देश बदललेला नाही.

तुटलेला संसार

मुंबईत जे घडले त्याचा घाव बसला तो लक्ष्मीबाईंवर. पती धर्मांतरित झाला म्हणजे त्या काळच्या रूढीनुसार पत्नी ना सवाष्ण ना विधवा. कपाळीचे कुंकू होते, पण घर नव्हते. पदरी चार वर्षांचा मुलगा दत्तू होता. नातलगांनी त्यांना सावरले, पंढरपुरात आधार दिला. पण सावरणाऱ्यांच्या सहानुभूतीत टिळकांविषयीचा संतापही मिसळलेला होता. या स्त्रीला तर पतीवर रागावताही येईना आणि त्याला सोडताही येईना.

टिळकांनी तिला एकटे सोडले नाही, हे खरे. पत्रांमागून पत्रे जात राहिली. त्यांत कविता असत, विनवण्या असत. मधूनमधून ते स्वत: भेटायला येत. पत्नीने आपला धर्म स्वीकारावा म्हणून त्यांनी तिच्यावर सक्ती केली नाही. मात्र आपल्या निर्णयाचे ओझे तिने का वाहावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. सर्व माणसांना एकत्र आणण्याच्या ध्यासाने निघालेल्या या माणसाच्या पहिल्याच पावलाने त्याचे स्वत:चे घर दुभंगले होते.

चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी धीर केला आणि त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीजवळ राहायला आल्या. धर्म मात्र त्यांनी सोडलेला नव्हता. सुरुवातीला त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी ते सारे सांभाळले. मग हळूहळू, कुणाच्या उपदेशाने नव्हे तर स्वत:च्या विचाराने, माणसाला माणसाचा विटाळ होतो ही कल्पना लक्ष्मीबाईंच्या मनातून गळून पडली. आधी त्यांनी जातिभेद सोडला, मग ख्रिस्ताकडे वळल्या. सन 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याच्या दहशतीत वाढलेल्या मुलीने केलेला हा प्रवास पतीच्या प्रवासापेक्षा लांबचा होता, आणि तो तिने स्वत:च्या पायांनी केला होता.

नगरची मंडळी

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये येथूनच सुरू झाले होते. डॉ. रॉबर्ट ह्यूम हे मिशनरी येथील ईश्वरविज्ञान विद्यालयाचे प्रमुख होते. जन्माने मुंबईचे असलेल्या ह्यूम यांना या भूमीविषयी खरी आस्था होती. त्यांच्या सहवासात टिळक विद्यालयात शिकवू लागले. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांमधील बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. गावकुसाबाहेरच्या या माणसांना ख्रिस्ती मंडळीत अक्षरओळख मिळाली होती, माणूस म्हणून उभे राहण्याची जागा मिळाली होती. पण चर्चच्या दारातून आत आल्याबरोबर जातीची सवय बाहेरच राहते असे नाही. पूर्वाश्रमीच्या जातीची जाणीव मंडळीतही रेंगाळत होती. टिळकांनी तिला थारा दिला नाही. एका पंगतीत जेवायचे, एका सतरंजीवर बसून प्रार्थना करायची, एका घरात राहायचे, हाच त्यांच्या दृष्टीने धर्माचा पहिला पाठ होता.

1899-1900 च्या भीषण दुष्काळात या पाठाची परीक्षा झाली. अनाथ मुलांचे लोंढेच्या लोंढे नगर परिसरात येऊ लागले. टिळकांच्या घराचे दार या मुलांसाठी उघडे राहिले. पगार तुटपुंजा, त्यात टिळकांचा हात सढळ. महिनाअखेरीची चिंता अर्थातच लक्ष्मीबाईंनी करायची. तरीही ज्या बाईने एके काळी परक्याच्या हातचे पाणी घेतले नव्हते, तिने जातपात न विचारता या पोरांची उस्तवार केली. तारा नावाची मुलगी तर त्यांची लेकच होऊन राहिली. नगरला प्लेगची साथ आली तेव्हाही लक्ष्मीबाई रुग्णांच्या शुश्रूषेसाठी पुढे झाल्या. टिळकांच्या मनातील समाज कुठे प्रत्यक्ष आकाराला आला असेल, तर तो या स्वयंपाकघरात.

याच घरात काही काळ त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक तरुण राहिला. 'बालकवी' या नावाने मराठी कवितेत अमर झालेल्या या हळव्या मुलाला टिळकांनी पुत्रवत जपले आणि लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. तो हिंदू होता, हिंदूच राहिला. टिळकांच्या दृष्टीने यात अडचण अशी काही नव्हती. 'काव्यरत्नावली', 'मनोरंजन' यांसारख्या नियतकालिकांतून त्यांची स्वत:ची कविता सर्व धर्मांच्या मराठी वाचकांपर्यंत जात होती. केशवसुतांच्या बरोबरीने आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत त्यांचे नाव घेतले जात होते. धर्मांतराने बंद झालेली अनेक घरांची दारे कवितेने पुन्हा किलकिली केली.

टाळ-मृदंगाच्या साथीने

टिळकांचे सर्वांत टिकाऊ काम झाले ते उपासनेच्या क्षेत्रात. ते ख्रिस्ती झाले तेव्हा मंडळ्यांमधील गीतांपैकी बरीचशी पाश्चात्त्य भजनांची भाषांतरे होती. शब्द मराठी, पण चाल विलायती. चालीत बसावे म्हणून शब्दांची ओढाताण झालेली. खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात ती गीते सहजी उतरत नसत. ओव्या गात जात्यावर बसणाऱ्या बाईला, रात्री एकतारीवर भजन म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला, रविवारी सकाळी एकदम परक्या सुरात देव आळवावा लागे. उरलेल्या सहा दिवसांशी त्या सुराचे नाते जुळत नसे.

हे अंतर आधी कुणाला जाणवले नव्हते असे नाही. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांनी त्यावर इमारत उभी केली. कीर्तनकार म्हणून त्यांचा अधिकार जन्मजात होता. नमन, मूळ अभंग, त्याचे निरूपण, मग आख्यान, मध्येच साकी-दिंडी, आणि साथीला टाळ-मृदंग. साचा तोच, चरित्र येशू ख्रिस्ताचे. ऐकायला ख्रिस्ती येत तसे हिंदूही येत. पुढे लक्ष्मीबाईही कीर्तने करू लागल्या.

त्यांच्या गीतांत ख्रिस्त हा दूरच्या सिंहासनावरील राजा म्हणून क्वचितच भेटतो. तो गुरू आहे, सखा आहे, आणि वारंवार आई आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला ही हाक स्वाभाविक होती. तुकोबांचे ऋण टिळकांनी कधी लपविले नाही. तुकारामांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. सनातन्यांना हे पटणे शक्य नव्हते. काही ख्रिस्ती धुरीणांनाही ते अवघड गेले, कारण त्यांच्या मते जुने सारे टाकून दिल्याखेरीज नवा मनुष्य जन्माला येत नव्हता. टिळकांचे म्हणणे वेगळे होते. मुळे उपटून लावलेले रोप फार दिवस हिरवे राहत नाही, हे शेतीच्या देशातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

ज्ञानेश्वरी जशी घरोघर वाचली जाते, तसे ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध स्वरूपात मराठी घरांत वाचले जावे, या इच्छेने त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि काम मागे पडले. 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाच्या संपादनाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तिथे त्यांनी कवितेइतक्याच पोटतिडिकीने मंडळीच्या प्रश्नांवर लिहिले.

पगाराच्या साखळीतून

त्या प्रश्नांतील मुख्य प्रश्न होता स्वावलंबनाचा. परदेशातून येणारा पैसा, त्यावर चालणाऱ्या शाळा आणि दवाखाने, त्यावर नेमलेले पाळक आणि शिक्षक, असे मिशनचे रूप होते. त्यातून हजारोंचे भले झाले, याविषयी टिळकांना शंका नव्हती. मिशनऱ्यांच्या वैयक्तिक सेवाभावाविषयी त्यांना आदर होता. पण जिथे एक देणारा आणि दुसरा घेणारा असतो, तिथे बंधुभाव वाढत नाही, हेही ते रोज पाहत होते. मिशनरी आणि मंडळी यांचे नाते साहेब आणि नोकराच्या वळणावर जात होते. ख्रिस्ती होणे म्हणजे परकीयांच्या छत्राखाली जाणे, असा समज बाहेरच्या समाजात घट्ट होत होता. स्वत: मिशनचा पगार घेत असताना हे बोलण्याचा आपल्याला अधिकार काय, या विचाराने ते अस्वस्थ होते.

1917 मध्ये त्यांनी निर्णय घेतला. मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यासाची घोषणा केली. त्या वेळी ते पंचावन्न-छप्पन वर्षांचे होते. प्रकृती ठीक नव्हती, संसार होता, साठवलेला पैसा नव्हता. हा संन्यासही बायकामुलांचा त्याग करून अरण्यात जाण्याचा नव्हता. मालकी आणि मिळकत सोडण्याचा होता. तरीही घर चालविणारी बाई म्हणून लक्ष्मीबाईंना तो सहजासहजी पेलणारा नव्हता. बाविसेक वर्षांपूर्वी एका निर्णयाने त्यांचे जग उलटेपालटे झाले होते. आता पुन्हा तसेच होत होते.

टिळक साताऱ्याला गेले. तिथे त्यांनी जे सुरू केले, त्याला नाव दिले 'देवाचा दरबार'. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा मेळा होता. बाप्तिस्मा घेतलेले त्यात येऊ शकत होते, तसेच न घेतलेलेही. पंथाचा शिक्का नको, जातीची विचारपूस नको, पगाराचा संबंध नको. एकत्र प्रार्थना, भजन, सेवा आणि जमेल तेवढा सहवास, एवढेच त्याचे विधान. महाराष्ट्रात अशी कितीतरी माणसे आहेत ज्यांच्या मनात ख्रिस्ताविषयी प्रीती आहे, पण घरदार तोडण्याची ज्यांची तयारी नाही, हे टिळकांना ठाऊक होते. तोडण्याचे दु:ख काय असते, हे त्यांच्या घराइतके कोणाला कळणार? ते दु:ख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, आणि तरीही त्याला एकटे पडावे लागू नये, यासाठी हा दरबार होता. एका दृष्टीने 1895 सालच्या त्या घावावर बावीस वर्षांनी सापडलेले हे औषध होते.

कल्पना मोठी होती, वेळ थोडा होता. चर्चच्या व्यवस्थेला हा प्रयोग अडचणीचा वाटला, कारण बाप्तिस्म्याच्या सीमारेषेवरच मंडळीची व्याख्या उभी असते. बाहेरच्यांना त्यात धर्मप्रसाराची नवी युक्ती दिसण्याची शक्यता होती. मोजकी माणसे जमली. टिळकांच्या व्यक्तिमत्त्वाच्या उबेवर दरबार चालला. याच काळात त्यांच्या लेखणीतून 'अभंगांजली'तील अभंग उतरत होते. आरंभीच्या कवितेतील पंडिती वळण त्यांत उरलेले नाही. त्यांत एका थकलेल्या भक्ताचे आपल्या गुरूशी चाललेले साधे बोलणे आहे.

मे 1918 मध्ये बालकवी रेल्वे अपघातात गेले. पोटच्या मुलासारखा जपलेला कवी अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी नाहीसा झाला. टिळकांची प्रकृतीही ढासळत गेली. उपचारांसाठी त्यांना मुंबईला आणण्यात आले आणि 9 मे 1919 रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार ख्रिस्ती प्रथेप्रमाणे दफन न करता त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. नंतर अस्थी नगरला नेण्यात आल्या. ज्या मातीच्या रीतिभातींशी त्यांनी जन्मभर नाते राखले, तिच्या रीतीनेच त्यांनी निरोप घेतला.

मागे उरले ते

टिळकांच्या माघारी दरबार फार काळ तग धरू शकला नाही. एका माणसाच्या भक्तीवर उभ्या राहिलेल्या संस्थांचे बहुधा असेच होते. पण त्याचे बीज वाया गेले नाही. टिळकांच्या सहवासाने प्रभावित झालेले इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय माणसांनी एकत्र, साधेपणाने, आश्रमाच्या रीतीने राहण्याचा तो प्रयत्न होता. पुढे पुण्यात तो रुजला. विन्स्लो यांनीच टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले.

त्याहून मोठे काम केले ते लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि अक्षरओळख पतीकडून झालेल्या या बाईने 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि 64 अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त, म्हणजेच लहानपणीचा दत्तू, याने लिहून ग्रंथ पुरा केला. बापाने आरंभलेले, आईने वाढविलेले आणि मुलाने संपविलेले हे काव्य आहे. 1934 पासून लक्ष्मीबाईंच्या आठवणी 'स्मृतिचित्रे' या नावाने पुस्तकरूपाने येऊ लागल्या. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. त्यात टिळक देवमाणूस म्हणून येत नाहीत. विसराळू, तापट, उधळे, हट्टी आणि तरीही अपार प्रेमळ असे ते भेटतात. जिने सर्वाधिक सोसले, तिनेच हसत हसत त्यांचे चित्र रेखाटले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

टिळकांच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा, तर त्यांची कोणतीच संस्था टिकली नाही असे म्हणावे लागेल. त्यांनी सोडलेली मिशनची व्यवस्था काळाच्या ओघात आपोआप बदलली. परदेशी मिशनरी गेले, मंडळ्या भारतीयांच्या हाती आल्या. टिकली ती गाणी, आणि एका घराची आठवण. रविवारी सकाळी एखाद्या मंडळीत पेटीचा सूर लागतो. शेजारी कोण बसले आहे, त्याचे आजोबा कोणत्या वस्तीतून आले, याची चौकशी न करता सारे मिळून एक अभंग म्हणू लागतात. तेवढ्या वेळापुरता देवाचा दरबार भरलेला असतो.